गो-गोड का नाही?

देगलूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानंच रुजू झालेल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा. पाचवीच्या वर्गात भूतकाळ शिकवताना त्यांनी फळ्यावर प्ले-प्लेड, वॉक-वॉक्ड, हेल्प-हेल्प्ड असं लिहिलं. मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, ‘‘मग गो-गोड का नाय, मॅडम?’’ सगळा वर्ग हसला. ‘गो-वेंट-गॉन, पाठच करायचं असतं ते’ असं म्हणून ताईंनी वेळ मारून नेली, पण रात्रभर तेच डोक्यात. ‘वेंट’मध्ये ‘गो’चा मागमूसही नाही, मग ते त्याचं रूप कसं? आणि शाळेच्या ग्रुपवर एक मजकूर फिरत आलाय की ‘गो’ हा शब्द संस्कृत ‘गम्-गच्छ’वरून आला. तो खरा मानायचा का?

ताई, आधी त्या पोराला शाबासकी द्या. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निम्मी परभणी जिल्ह्यात आणि निम्मी लातूरला. दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोरगं हे विचारतंच. मी स्वतः सहावीत असताना विचारलं होतं. उत्तर हातावर मिळालं, निरगुडीच्या ओल्या फोकानं. त्यामुळं नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेतला आणि सगळ्यात आधी ‘वेंट’चं पान काढलं.

थोडक्यात उत्तर हे: ‘वेंट’ हे ‘गो’चं रूप नव्हतंच. ते दुसऱ्याच क्रियापदाचं लेकरू, ‘गो’च्या घरात दत्तक आलेलं.

‘गो’ची कथा अशी. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या, जाणे या अर्थी ‘गान’ असं क्रियापद होतं. जर्मनांचं ‘गेएन’ हे त्याचं भावंड. पुढं इंग्रजीत लांब ‘आ’चा ‘ओ’ होत गेला. ‘स्तान’चा स्टोन, ‘बान’चा बोन, ‘हाम’चा होम झाला, त्याच लाटेत ‘गान’चा ‘गो’ झाला. ‘गॉन’मधला शेवटचा न मात्र राहिला, तो आजही आहे.

आता गंमत बघा. हजार वर्षांपूर्वीसुद्धा या ‘गान’चा भूतकाळ सरळ नव्हता. तो होता ‘एओदे’. उच्चाराच्या ओढाताणीत त्याचं पुढं ‘येदे’ झालं. ‘येदे’चा ‘गान’शी तेवढाच संबंध, जेवढा ‘वेंट’चा ‘गो’शी. म्हणजे या घरात भूतकाळ पहिल्यापासून बाहेरचाच.

तेव्हा शेजारी आणखी एक क्रियापद नांदत होतं, ‘वेंड’. मूळ अर्थ वळणे, वळवणे. दोरा किंवा तार गुंडाळायची त्याला इंग्रजीत ‘वाइंड’ म्हणतात, घड्याळाला चावी द्यायची तेही ‘वाइंड’. त्याच कुळातलं हे ‘वेंड’. भटकणे या अर्थाचं ‘वाँडर’ही त्यातलंच. वळता वळता ‘वेंड’ला जाणे असा अर्थ आला. यात नवल काही नाही. आपण नाही का म्हणत, ‘दिवस मावळला तसा तो घराकडं वळला’? तिथं वळला म्हणजे गेलाच की. ‘ही वेंट होम’ याचं अगदी मुळातलं भाषांतर करायचं तर ‘तो घराकडं वळला’ असंच होईल. (मराठी ‘वळणे’ आणि इंग्रजी ‘वेंड’ यांचं नातं मात्र लावू नका. अर्थाची वाट सारखी आहे, एवढंच.)

‘वेंड’चा भूतकाळ ‘वेंट’. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट, तसंच वेंड-वेंट. इथं नियम अगदी चोख पाळलाय! तुम्ही फळ्यावर या पाच जोड्या एकाखाली एक लिहिल्या तर पाचवीतलं पोरगंही म्हणेल, ‘हे बरोबर बसलं’. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘येदे’ आणि ‘वेंटे’ दोन्ही आढळतात. 1500 च्या आसपास ‘येदे’ मागं पडलं आणि ‘वेंट’ कायमचं ‘गो’कडं राहायला आलं. बिचाऱ्या ‘वेंड’चं घर ओस पडलं. आता त्याचा भूतकाळ ‘वेंडेड’ असा नव्यानं घडवावा लागतो, आणि ते क्रियापदही ‘वाट काढत जाणे’ अशा एखाद्या ठरावीक वाक्प्रचारातच उरलंय.

त्या पोराला एक खास गोष्ट सांगा. ‘येदे’ गेल्यावर दक्षिण इंग्लंडनं ‘वेंट’ उचललं, पण उत्तरेकडच्या लोकांनी आणि स्कॉटलंडनं तसं केलं नाही. तिथं ‘गो’ला ‘गे’ म्हणतात, आणि त्यांनी त्याला सरळ ड लावून ‘गेड’ करून टाकलं. म्हणजे आपल्या पोरानं जे सुचवलं तेच. ‘गोड’ चुकीचं म्हणून नापास झालं नाही. लंडनच्या बाजूची बोली प्रमाण ठरली म्हणून मागं राहिलं. पुण्याचं ‘जातोयस’ पुस्तकात येतं आणि आपलं ‘जायलास’ येत नाही, त्यातलाच प्रकार.

आता खडू घ्या आणि शेजारी मराठी लिहा. बस-बसला. ऊठ-उठला. पळ-पळला. लप-लपला. जा... ? नियमानं ‘जाला’ यायला पाहिजे. येतं ‘गेला’. ‘ज’चा ‘ग’ कुठून झाला?

वर्गात हे विचारलं की दोन मिनिटं शांतता पसरते. जन्मापासून रोज शंभर वेळा म्हणतो, कधी खटकलं नाही. माझी नात तीन वर्षांची असताना ‘आबा दुकानात जाले’ असं म्हणायची. घरातले हसायचे. मी नाही हसलो. तिनं व्याकरण शिकून घेतलं होतं, फक्त अपवाद शिकायचा राहिला होता. (जुन्या मराठीत ‘जाला’ हा शब्द आहेच, पण त्याचा अर्थ झाला. पोरीनं सातशे वर्षं मागं उडी मारली होती आणि तीही चुकीच्या अंगणात.)

‘ज’चा ‘ग’ झालेलाच नाही. इथंही दोन घरं आहेत. संस्कृतात जाणे या अर्थी दोन धातू जोरात चालत: एक ‘या’, त्याचं याति, दुसरा ‘गम्’, त्याचं गच्छति. प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ ‘ज’ होतो, म्हणून ‘याति’चं ‘जाइ’ झालं. यात्रा-जत्रा, योगी-जोगी ही त्याच वाटेनं आलेली जोडपी. माळेगावच्या खंडोबाला डिसेंबरच्या थंडीत घोडे-गाढवं घेऊन माणसं जातात, कुणी त्याला यात्रा म्हणतं, कुणी जत्रा. शब्द एकच, एक धुऊन ठेवलेला आणि एक वापरात झिजलेला. आणि त्या जत्रेतला ‘ज’ आणि ‘जा’मधला ‘ज’ हाही एकच. जत्रा म्हणजे जाणंच.

भूतकाळाचं मात्र निराळं झालं. मराठीचा भूतकाळ संस्कृतच्या भूतकाळातून आला नाही, तो विशेषणातून आला. ‘गतः’ म्हणजे गेलेला. प्राकृतात ‘गत’मधला त विरला, ‘गअ’ राहिलं, त्याला ‘इल्ल’ हा प्रत्यय चिकटला आणि झिजत झिजत ‘गेला’ झालं. मूळचं विशेषण असल्यामुळंच ते आजही काळा-काळी-काळंसारखं लिंगानं बदलतं: गेला, गेली, गेलं. इंग्रजीचं ‘वेंट’ पुरुष गेला काय, बाई गेली काय, जागचं हलत नाही. पोरांना ‘शी वेंट’ आणि ‘ही वेंट’ सारखंच कसं, असं वाटतं ना, त्याचं कारण हे.

ही झीज जिथं झाली त्या महाराष्ट्री प्राकृताला आश्रय देणाऱ्या सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. तेव्हा ‘जाइ’ आणि ‘गअ’ यांचा संसार लागला तो आपल्याच मुलखात, गोदेच्या काठावर, असं मी वर्गात जरा छाती फुगवून सांगायचो. इतिहासाचे सर स्टाफरूममधून डोळे वटारायचे, कारण प्राकृत काही एका गावात घडत नाही. पण पोरं त्या दिवशी जागी असायची.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. ‘ये’चा भूतकाळ ‘येला’ का नाही? कारण ‘आला’ हे ‘आगत’वरून आलंय, स्वागतातलं तेच आगत. ‘आगत’ म्हणजे ‘आ’ अधिक ‘गत’. म्हणजे आला आणि गेला ही दोन्ही एकाच ‘गम्’ची लेकरं, मध्ये फक्त एक ‘आ’ उभा. आणि ‘हो’चा भूतकाळ ‘होला’ न होता ‘झाला’? ‘होणे’ आलं ‘भवति’वरून, ‘झाला’ आलं ‘जात’वरून, म्हणजे जन्मलेला. दोन निराळे धातू. इंग्रजीत ‘गो’नं आपल्याला एकदा फसवलं म्हणून आपण एवढा गवगवा करतो. मराठीत येणे, जाणे, होणे, तिघांनीही तेच केलंय. आपल्याकडं मराठी शिकायला आलेला एखादा इंग्रज रात्रभर जागत असेल तर तुम्हीच सांगा, दोष कुणाचा.

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. ते म्हणायचे, ‘‘जाना-गया, त्यात काय विचारायचं?’’ उर्दू-हिंदीतही हीच जोडी, हेच दोन धातू. फक्त तिथं जुनं नियमाचं रूपसुद्धा एका कोपऱ्यात जिवंत आहे: ‘वो रोज जाया करता था’. तिथं ‘गया करता था’ म्हणून बघा, जिभेला काटा टोचतो.

आता ग्रुपवरच्या त्या मजकुराकडं येऊ. ‘गो’ संस्कृत गम्-गच्छवरून आला, हे चूक. चूक दोन अंगांनी आहे, आणि दुसरं अंग फार मजेशीर आहे.

पहिलं अंग सगळ्यांना ठाऊक असायला हवं. इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशानं भाषण केलं. त्यात त्यानं म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की तिघींचा उगम एकाच, कदाचित आता नष्ट झालेल्या, भाषेत असावा. इंग्रजी ज्या कुळातली आहे ते जर्मानिक कूळही याच वंशावळीतलं. म्हणजे संस्कृत इंग्रजीची आई नाही, लांबची मावशी म्हणा.

दुसरं अंग. नात्यातल्या भाषांत शब्द जुळवताना ‘सारखा दिसतो म्हणून तोच’ हा हिशेब बहुतेक वेळा खोटा निघतो. कारण आवाज बदलतात, आणि बदलतात ते शिस्तीत. 1822 मध्ये याकोब ग्रिम या जर्मन माणसानं (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला) ही शिस्त नीट मांडली. त्यातलं आपल्या कामाचं कलम असं: जिथं संस्कृतात ग किंवा ज दिसतो, तिथं इंग्रजीत बहुधा क सापडतो. गो म्हणजे गाय, इंग्रजी काऊ. जन म्हणजे लोक, इंग्रजी किन म्हणजे नातलग. जानु म्हणजे गुडघा, इंग्रजी नी. ज्ञा म्हणजे जाणणे, इंग्रजी नो. या शेवटच्या दोघांत क कुठाय म्हणाल तर स्पेलिंग बघा, पहिलं अक्षर ‘के’ आहे. पोरं वैतागून विचारतात ना, ‘बोलायचा नाही तर लिहायचा कशाला हा के?’ तो एके काळी बोलत होते. ‘ज्ञा’मधल्या ‘ज’चा तो चुलतभाऊ आहे, आता मुका झालाय, पण घरातून काढलेला नाही.

मला हे कलम पहिल्यांदा खरोखर पटलं ते पुस्तकात नाही, गोठ्यात. पोळ्याचा दिवस होता, बैल धुऊन आणले होते, आणि आमचं जुनं लाकडी जू भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. दोन बैलांच्या माना घासून घासून त्याला दोन ठिकाणी गुळगुळीत खळगे पडले होते. मी आदल्या रात्री शब्दकोशात इंग्रजी ‘योक’ वाचलं होतं: योक म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. आणि तिथंच लिहिलं होतं, संस्कृत ‘युग’. मी त्या लाकडाकडं बघत उभा राहिलो. युगातला ग इंग्रजीत गेला तर क व्हायला पाहिजे: योक, झाला. युगातला य मराठीत आला तर ज व्हायला पाहिजे: आधी जुअ, मग जू, झाला. तेच लाकूड, तोच शब्द, एकीकडं ग्रिमचा नियम आणि दुसरीकडं जत्रेचा नियम, दोन्ही आपापल्या बाजूनं ओढताहेत. वडील म्हणाले, ‘‘काय बघायलास? उचल की ते.’’

तर आता हाच नियम ‘गम्’ला लावा. ‘ग’चा ‘क’ करा. ‘गम्’चं इंग्रजी भावंड निघतं ‘कम’. होय, येणे! ‘गो’ नव्हे, ‘कम’. आपल्याकडं ज्या धातूनं ‘गेला’ दिला, त्याच जुन्या मुळानं त्यांना ‘कम’ दिला. एकाच आजीच्या दोन नातवंडांपैकी एक दारातून बाहेर पडतंय आणि दुसरं आत येतंय. आणि ‘गो’चा ‘ग’? इंग्रजी ‘ग’च्या समोर संस्कृतात बहुधा ‘ह’ किंवा ‘घ’ असतो. इंग्रजी ‘गूज’ म्हणजे संस्कृत हंस. म्हणून ‘गो’ आणि ‘गम्’ कितीही सारखे दिसले तरी त्यांचं गोत्र जमत नाही. ग्रुपवरच्या मजकुरानं लग्न लावलं ते चेहरा बघून.

लॅटिनात हेच मूळ ‘वेनिरे’ झालं, येणे. त्यातून फ्रेंचमार्गे ‘रेव्हेन्यू’ आला: जे परत येतं ते. तहसीलमधला रेव्हेन्यू आणि आपला ‘गेला’ एकाच मुळाचे, हे ऐकून आमच्या गावचे तलाठी फार खूश झाले होते. म्हणाले, ‘‘बरोबर हाय. तुमचा गेला, तो आमचा आला.’’

मग ही सगळ्यात जास्त वापरातली क्रियापदंच अशी वाकडी का? कारण ती जास्त वापरातली आहेत म्हणूनच. क्वचित लागणाऱ्या शब्दाचा भूतकाळ आठवला नाही की माणूस नियम लावून मोकळा होतो. इंग्रजीत ‘हेल्प’चा जुना भूतकाळ ‘हॉल्प’ होता. 1611 च्या बायबलमध्ये ‘होल्पन’ असं रूप सापडतं. पुढं लोक ‘हेल्प्ड’ म्हणू लागले आणि तेच टिकलं. पण ‘वेंट’ विसरायला सवड कुठाय? मूल दिवसातून शंभरदा ऐकतं. ‘गेला’चंही तसंच. इंग्रजीचं ‘असणे’ तर तीन घरांतून जमवलेलं: ‘अ‍ॅम’ आणि ‘इज’ हे अस्मि-अस्तिचे, ‘बी’ आणि ‘बीन’ हे ‘भू’चे, म्हणजे आपल्या ‘होणे’चे, आणि ‘वॉज’ हा वस् धातूचा, राहणे, वस्ती करणे. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता ताई, तुमच्या रोजच्या कामाचं. या सगळ्याचा वर्गात उपयोग होतो, आणि मी तो बत्तीस वर्षं करून बघितलाय.

आपल्याकडच्या वह्यांत सगळ्यात जास्त सापडणारी चूक कोणती, तर ‘आय डिड नॉट वेंट’. दहावीपर्यंत सापडते, पदवीपर्यंत सापडते. लाल पेनानं गोल करून काही होत नाही, कारण ती चूक आळसातून येत नाही, मराठीतून येते. मराठीत ‘मी गेलो’ला नकार द्यायचा तर ‘मी गेलो नाही’. ‘गेलो’ जसंच्या तसं राहतं, नुसतं ‘नाही’ लागतं. पोरगं तेच करतं: ‘वेंट’ला हात लावत नाही, पुढं ‘डिड नॉट’ ठेवतं. त्याला ‘डिड आलं की पहिलं रूप’ हा नियम सांगून उपयोग होत नाही. मी सांगून थकलो. त्याऐवजी त्याला ‘मी जात नव्हतो’ हे वाक्य द्या. विचारा, इथं भूतकाळ कुठं बसलाय? ‘नव्हतो’मध्ये. मग ‘जा’चं ‘गेलो’ झालं का? नाही, ‘जात’च राहिलं. भूतकाळ एकदाच मोजायचा, एक तर क्रियापदात किंवा नकारात. इंग्रजीत तो नेहमी ‘डिड’मध्ये बसतो, म्हणून ‘गो’ मोकळा. (‘जात नव्हतो’चा अर्थ थोडा वेगळा आहे, हे मला कळतं. पण साचा दाखवायला चालतं.) ही युक्ती सापडेपर्यंत माझी दहा वर्षं गेली होती.

दुसरी चूक: ‘बिफोर टू इयर्स’. दोन वर्षांपूर्वी, पूर्वी म्हणजे बिफोर, झालं भाषांतर. इथं ‘अगो’ हा शब्द उघडून दाखवा. ‘अगो’ म्हणजे मुळात ‘गेलेलं’. ‘गो’च्याच पोटातला शब्द. ‘टू इयर्स अगो’ म्हणजे ‘दोन वर्षं गेली’. आपली म्हातारी माणसं असंच बोलतात: ‘त्याला आता दोन वर्षं गेली.’ आपणही ‘गेल्या सोमवारी’, ‘गेल्या वर्षी’ म्हणतोच. एकदा पोरांना कळलं की ‘अगो’ म्हणजे ‘गेली’, मग ते आपोआप वर्षांच्या मागं लागतं, पुढं येत नाही. यासाठी पाठांतर लागत नाही.

तिसरी, ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’. यावर मी फार वेळ घालवत नाही. ‘तो पुण्याला गेलाय’ म्हणजे अजून तिकडंच आहे: ‘गॉन’. ‘तो पुण्याला जाऊन आलाय’ म्हणजे इथं समोर बसलाय: ‘बीन’. मराठीत हा फरक इतका लख्ख आहे की व्याकरणाचं पान उघडायची गरजच नाही. तरी आपली पुस्तकं त्यावर दोन पानं खर्च करतात.

हे ‘जाऊन येणं’ आपल्याकडं फार खोल गेलेलं आहे. माझी आजी उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणू द्यायची नाही. कुणी चुकून म्हणालंच, ‘‘आज्जे, जातो गं’’, की ती चुलीपासून ओरडायची, ‘‘जातो म्हणू ने, येतो म्हण!’’ आणि येतो म्हणेपर्यंत हातावर साखर ठेवायची नाही. ‘गेला’ हा शब्द तिच्या लेखी एकाच प्रसंगासाठी राखून ठेवलेला होता. इंग्रजीतही ‘ही इज गॉन’ म्हटलं की तोच अर्थ निघू शकतो. पण आजीच्या हुकमानं आम्ही दारातून बाहेर पडताना ‘येतो’ म्हणत होतो, म्हणजे जाताना ‘कम’ वापरत होतो, आणि ते ‘कम’ म्हणजे तर आपलं ‘गम्’च. तिला ग्रिम दाखवला असता तर म्हणाली असती, ‘‘मंग मी काय वेगळं सांगायले?’’

राहता राहिला मार्कांचा प्रश्न, तो तुम्ही विचारला नाहीत पण चाचणीत येणारच. पोरगं पेपरात ‘गोड’ लिहून आलं तर काय करायचं? मी पाचवीला मार्क कापत नव्हतो. शेजारी ‘वेंट’ लिहायचो आणि सोडून द्यायचो; नियम त्याला कळलाय हे दिसतंय. सातवीला अर्धा कापायचो. दहावीला पूर्ण, कारण तिथं पेपर मी तपासत नसतो.